थीम पार्कमधील एक्स्प्रेस पास: खरेदीपासून रांगेतील वर्तनापर्यंत

घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीची सहल दरवर्षी मे महिन्यात निघते. कधी मानपाड्याची टिकुजीनीवाडी, कधी सूरज वॉटर पार्क, तर कधी बस ठरवून थेट खोपोलीजवळचे इमॅजिका असा बेत असतो, आणि गेली काही वर्षे तिकिटे काढण्याचे व चाळीस-पंचेचाळीस माणसांची मोट बांधण्याचे काम माझ्याकडे आहे. या कामात जेवणाच्या दरांपेक्षा किंवा बसच्या वेळेपेक्षाही जास्त प्रश्न मला एकाच गोष्टीबद्दल विचारले गेले आहेत, ती म्हणजे जादा पैसे भरून लांबची रांग टाळू देणारा पास. तो कधी घ्यावा, कोणी घ्यावा, घेतल्यावर काय चालते आणि काय चालत नाही, याची माहिती बहुतेकांना प्रवेशद्वाराशी पोहोचल्यावर, घाईत आणि अर्धवट मिळते. पुढे रांगेत जे वाद होतात ते बहुधा या अर्धवट माहितीतूनच होतात. म्हणून घरातून निघण्यापूर्वीपासून संध्याकाळी मनगटावरचा पासचा पट्टा काढेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या येथे क्रमाने मांडत आहे.

पास नेमके काय देतो

दोन रांगांची कल्पना आपल्याला नवी नाही. पंढरपुरात पददर्शनाची बारी वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी असते. लालबागलाही नवसाची रांग आणि मुखदर्शनाची रांग निरनिराळ्या लागतात. मात्र तेथे दोन रांगांना मिळणारे दर्शनच निराळे असते. थीम पार्कमध्ये दोन्ही रांगा शेवटी एकाच फलाटावर, त्याच गाडीच्या त्याच खुर्च्यांपाशी येऊन मिळतात. त्यामुळे पासधारकाला लवकर मिळालेली प्रत्येक खुर्ची ही साध्या रांगेतील कोणाची तरी पुढे ढकललेली खुर्ची असते.

याचा हिशेब एकदा करून पाहावा. समजा, एका रोलर कोस्टरच्या गाडीत 24 खुर्च्या आहेत आणि दर 3 मिनिटांनी एक गाडी सुटते, म्हणजे तासाला 20 गाड्या आणि 480 माणसे झाली. साध्या रांगेत आपल्या पुढे 240 जण असतील आणि दुसरी रांगच नसेल, तर आपला नंबर अर्ध्या तासात लागतो. आता कर्मचाऱ्याने दर चार खुर्च्यांपैकी तीन पासधारकांना द्यायला सुरुवात केली, तर साध्या रांगेच्या वाट्याला तासाला फक्त 120 खुर्च्या उरतात आणि त्याच 240 माणसांना दोन तास लागतात. रांगेतील डोकी तेवढीच असतात, गाडीही त्याच वेगाने सुटत असते, तरी थांबण्याचा वेळ चौपट होतो. कोणत्या रांगेतून किती जणांना सोडायचे, हे प्रमाण पार्क ठरवते आणि गर्दीप्रमाणे ते बदलते. पण पासच्या रांगेत पास नसलेली चार माणसे शिरली तर त्यांची किंमत पार्क मोजत नाही, ती साखळीपलीकडची माणसे मोजतात.

ही साखळी मी शब्दशः म्हणते आहे. दोन्ही रांगा जेथे मिळतात तेथे बहुधा एक साखळी किंवा आडवी दांडी असते आणि तिच्यापाशी एक कर्मचारी उभा असतो. गेल्या सहलीत मी पासच्या रांगेत उभी असताना साखळीच्या पलीकडे सात-आठ वर्षांची एक मुलगी होती. तिने दोन्ही हातांनी साखळी धरली होती, आणि आमच्या बाजूचा एकेक माणूस आत गेला की ती हळू आवाजात आकडा म्हणत होती. सतरा आकडे म्हणून झाल्यावर कर्मचाऱ्याने साखळी काढली आणि तिला व तिच्या वडिलांना आत घेतले. त्या सतरांत आमच्या सोसायटीचे अकरा जण होते, आणि त्या अकरांपैकी दोघांच्या मनगटावर पट्टा नव्हता. ते दोघे माझ्या जावेचे मुलगे होते आणि त्यांना आमच्याबरोबर येऊ देणारी मीच होते. तो प्रसंग पुढे सविस्तर सांगते.

पासचे प्रकार ओळखून घ्यावेत

सगळे पास एकसारखे नसतात, आणि पैसे वाया जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच असते की घेणाऱ्याच्या मनात एक प्रकार असतो आणि हातात दुसरा पडतो. पहिला प्रकार म्हणजे यादीतील प्रत्येक राईडवर एकदाच चालणारा पास. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरील युनिव्हर्सल स्टुडिओजचा साधा एक्स्प्रेस पास असा आहे. तेथे तीच राईड पुन्हा करायची असेल तर साध्या रांगेत उभे राहावे लागते, किंवा मुळातच महागडा अनलिमिटेड पास घ्यावा लागतो. आपल्याकडे वंडरलाच्या बंगळुरू, कोची आणि हैदराबाद येथील उद्यानांत फास्टट्रॅक या नावाने असे स्वतंत्र, अधिक दराचे तिकीट विकले जाते.

दुसरा प्रकार वेळेचा. डिस्नेने 1999 साली फ्लोरिडातील आपल्या उद्यानांत फास्टपास आणला तेव्हा तो मोफत होता. प्रवेश तिकीट यंत्रात घातले की कागदाची एक चिठ्ठी बाहेर येई, आणि तिच्यावर छापलेल्या एका तासाच्या मुदतीत परत आले की छोट्या रांगेतून आत जाता येई. ही मोफत व्यवस्था 2021 मध्ये कायमची बंद झाली, तिच्या जागी सशुल्क जीनी प्लस आले, आणि जुलै 2024 पासून त्याचे नाव लाइटनिंग लेन मल्टी पास असे झाले; अतिशय मागणी असलेल्या मोजक्या राईडसाठी सिंगल पास वेगळा विकत घ्यावा लागतो. मुदतीची कल्पना मात्र कायम राहिली. या पासने रांग नाहीशी होत नाही, आपल्याला एक वेळ नेमून मिळते, आणि ती पाळणे ही आपली जबाबदारी असते. जपानमधील ओसाका येथील युनिव्हर्सल स्टुडिओजच्या एक्स्प्रेस पासमध्ये तर कोणकोणत्या राईड मिळणार हे खरेदीच्या वेळीच ठरते आणि त्यांतील काहींच्या वेळाही आधीच ठरलेल्या असतात. दुपारी दोनची वेळ असताना चार वाजता गेल्यास पास असूनही आत सोडत नाहीत.

पास कधी विकत मिळतो, हाही प्रकारभेदच आहे. फ्लोरिडाच्या डिस्नेमध्ये तेथील हॉटेलात उतरलेल्यांना 7 दिवस आधी आणि इतरांना 3 दिवस आधी वेळा राखून ठेवता येतात, तर टोकियो डिस्नेचा सशुल्क प्रीमियर ॲक्सेस उद्यानात शिरल्यानंतरच मोबाईल ॲपवरून घेता येतो. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्यांना एक्स्प्रेस अनलिमिटेड राहण्याच्या भाड्यातच मिळतो. चौघांच्या कुटुंबाने हॉटेलाचा दर आणि चार पासांची किंमत शेजारी शेजारी मांडून मगच निर्णय घ्यावा.

मुळात पास हवा आहे का

सहल रविवारी किंवा मे महिन्याच्या सुटीत असेल तर पासचा विचार करावा. जून उजाडून शाळा सुरू झाल्यावरचा मंगळवार किंवा बुधवार असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. दार उघडण्याच्या अर्धा तास आधी पोहोचणाऱ्याला पहिल्या तासात दोन-तीन मोठ्या राईड सहज मिळतात, आणि ठाण्याहून खोपोलीला जायचे असेल तर यासाठी बस सकाळी साडेसहालाच सोडावी लागते. कळंबोलीला एक्स्प्रेसवेवर लागण्यापूर्वीच सुटीच्या दिवशी वाहतूक तुंबते, हा अनुभव नवी मुंबईतल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. आत शिरल्यावर दाराजवळच्या पाळण्याशी न थांबता सर्वांत लांबच्या रोलर कोस्टरकडे आधी जावे. जेवणाच्या वेळी सगळे उपाहारगृहाकडे वळतात तेव्हा राईड कराव्यात आणि जेवण अडीच-तीनला करावे. परदेशातील अनेक उद्यानांत एकट्या व्यक्तीची स्वतंत्र रांग असते. गाडीत रिकामी राहिलेली एखादी खुर्ची भरण्यासाठी तिच्यातून माणसे घेतात. शेजारीच बसण्याचा आग्रह नसलेल्या नवरा-बायकोंनी किंवा मोठ्या मुलांनी ती जरूर वापरावी, तिला पैसे पडत नाहीत.

यानंतर घरातील माणसे मोजावीत. पाच जणांच्या कुटुंबात आजी कोस्टरवर बसणार नाहीत आणि धाकट्याची उंची कमी आहे, असे असेल तर पाच पास घेणे म्हणजे दोन पासांचे पैसे पाण्यात घालणे आहे. मुलांची उंची घरीच, चप्पल काढून, भिंतीला टेकवून मोजावी आणि उद्यानाच्या संकेतस्थळावर प्रत्येक राईडपुढे लिहिलेल्या किमान उंचीशी ताडून पाहावी. पास असला तरी उंचीच्या नियमात सूट मिळत नाही. तो नियम सुरक्षापट्टा अंगावर नीट बसावा म्हणून असतो, आणि तेथे घासाघीस करणाऱ्या आईवडिलांमुळे मागची अख्खी रांग खोळंबते.

खिडकीवर विचारायचे प्रश्न

पास फक्त उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, ॲपवरून किंवा तिकीट खिडकीवरूनच घ्यावा. वाहनतळावर किंवा दाराबाहेर उरलेला पास स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून तो घेऊ नये, कारण पास सामान्यतः एका व्यक्तीच्या नावाशी, तिकिटाशी किंवा पट्ट्याशी जोडलेला असतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. पैसे देण्यापूर्वी मी खिडकीवर नेहमी हे विचारते: पासच्या किमतीत प्रवेश तिकीट धरले आहे की ते वेगळे आहे, आज तो कोणत्या राईडवर चालतो, त्यातल्या कोणत्या आज बंद आहेत, एका राईडवर एकदा की कितीही वेळा, आणि पावसामुळे किंवा बिघाडामुळे राईड थांबली तर पैसे परत मिळतात की दुसरी राईड देतात.

तिसरा प्रश्न मी एकदा विचारला नव्हता. एका वॉटर पार्कमध्ये आम्ही नऊ पास घेतले आणि आत गेल्यावर समजले की यादीतल्या तीन मोठ्या घसरगुंड्या देखभालीसाठी सकाळपासूनच बंद होत्या. खिडकीवर तसा फलक नव्हता, आणि विकणाऱ्यानेही ते आपणहून सांगितले नाही. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की राईड उपलब्ध नसल्यास परतावा मिळणार नाही. पूर्वसूचना न देता बंद राईडचे पैसे घेणे मला आजही अन्यायाचे वाटते, आणि म्हणूनच बंद राईडची यादी मी आता नुसती तोंडी विचारून थांबत नाही, फलकाचा किंवा ॲपच्या पडद्याचा फोटोही काढून ठेवते.

एका घरातून दोन रांगा

सगळ्यात नाजूक भाग हा आहे, आणि याबद्दल कोणत्याही तिकिटावर काही छापलेले नसते. मोठ्या गटात काहींना पास परवडतो, काहींना परवडत नाही, आणि काहींना परवडत असूनही तो घ्यावासा वाटत नाही. त्या दिवशी माझ्या नणंदेने आपल्या दोन्ही मुलांसाठी पास घेतले होते. जाऊबाईंनी घेतले नव्हते, आणि त्यांचा तो निर्णय पूर्णपणे रास्त होता. पण रांगेच्या फाट्यावर सगळी भावंडे एकत्र आली तेव्हा जावेचा धाकटा माझ्याकडे वळून म्हणाला, “काकू, आम्ही पण यांच्याबरोबर जाऊ का?” मी हो म्हटले. दाराशी गर्दी होती, कर्मचाऱ्याने पुढच्या चार-पाच जणांचे पट्टे पाहिले, मागच्यांना “चला, चला” म्हणून आत सोडले, आणि ती दोन्ही मुले साखळीपलीकडच्या मुलीच्या डोळ्यांदेखत तिच्या आधी गाडीत बसली. मुलांचा त्यात काही दोष नव्हता. पुढच्या राईडला मी माझा पट्टा बाहीखाली सरकवला आणि त्या दोघांसह साध्या रांगेत उभी राहिले. पन्नास मिनिटे लागली. त्यांना मी सांगितले की मघाशी मी चुकले, आणि थोरल्याने लगेच विचारले, “मग त्या मुलीला आता आपला नंबर देता येईल का?” देता येण्यासारखे काही नव्हते, ते लोक केव्हाच दुसरीकडे गेले होते.

तेव्हापासून आमच्या सहलीत एक पद्धत ठरली आहे. प्रवेश तिकीट आणि जेवण सहलीच्या वर्गणीतून होते, पास ज्याचा त्याने घ्यायचा. तो घेणार की नाही, हे प्रत्येकाने मला आठ दिवस आधी खासगीत कळवायचे. व्हॉट्सॲपच्या गटावर यादी टाकायची नाही, कारण कोणी घेतला आणि कोणी नाही याची जाहीर उजळणी झाली की न घेणाऱ्यावर विनाकारण दडपण येते. एकत्र हिंडणारी भावंडे किंवा मैत्रिणी असतील तर त्यांच्या आयांनी आधी आपसांत बोलून सगळ्यांना पास घ्यायचा की कोणालाच नाही, हे ठरवायचे. दोन्हीपैकी काहीच जमत नसेल तर पासवाल्या मुलांना निघण्यापूर्वीच सांगायचे की दोन राईड पासने करून झाल्या की बाकीच्या भावंडांबरोबर साध्या रांगेत यायचे आहे. मुले हे सहज समजून घेतात. अडचण होते ती ऐन फाट्यावर, मागे माणसे उभी असताना निर्णय घ्यावा लागला की. दुपारी जेवायला आणि संध्याकाळी बसपाशी भेटण्याची जागा व वेळ मात्र पास असणाऱ्या-नसणाऱ्या सर्वांसाठी एकच असावी.

रांगेत शिरताना आणि रांगेत असताना

पासच्या रांगेच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वी पिशव्या लॉकरमध्ये गेलेल्या असाव्यात, ज्या राईडवर मोबाईल न्यायला बंदी आहे तेथे तोही ठेवलेला असावा, आणि पास मोबाईलवर असेल तर क्यूआर कोड उघडून पडद्याचा प्रकाश वाढवलेला असावा. उन्हात मंद पडदा यंत्राला वाचता येत नाही, आणि एका कुटुंबाने चार कोड शोधत दोन मिनिटे घालवली की पासची रांगही साध्या रांगेसारखीच तुंबते. शक्य असेल तर सगळ्यांचे कोड कागदावर छापून प्रत्येकाच्या हाती द्यावेत. आमच्याकडे वडीलधाऱ्या मंडळींसाठी मी हेच करते. वेळेचा पास असल्यास नेमलेल्या वेळेच्या आधी तोंडाशी जाऊन उभे राहू नये. दहा मिनिटे आधी आलेली माणसे वाट अडवून थांबतात आणि ज्यांची वेळ झाली आहे त्यांना त्यांच्यामधून वाट काढत जावे लागते.

गटातील सर्वांनी एकदमच आत शिरावे. “एक जण पुढे नंबर लावतो, बाकीचे मागून येतील” ही रेशनच्या दुकानापासून चालत आलेली सवय येथे चालत नाही. मागून येणारे सहा जण एकेकाला बाजूला सारत, “आमचा माणूस पुढे आहे” म्हणत जातात, तेव्हा प्रत्येकाला वाटते की हे घुसत आहेत, आणि तसे वाटणे बरोबरच असते. परदेशातील बऱ्याच उद्यानांत रांगेत घुसणाऱ्याला बाहेर काढण्याचा नियम लिहिलेला असतो. कोणी मागे राहिले असेल तर पुढे असलेल्याने मागे येऊन त्यांना सामील व्हावे. याला एकच अपवाद मी मानते, तो लहान मुलाला मध्येच शौचालयात न्यावे लागले तर. पण तेव्हाही निघताना लगेच मागच्या दोन-तीन जणांना तसे सांगून जावे आणि परतल्यावर त्यांच्या संमतीनेच जागेवर यावे. कोणी नाही म्हटलेले मी अद्याप पाहिलेले नाही.

साखळीपाशी सर्वस्वी कर्मचाऱ्याचा शब्द मानावा. तो पासवाल्यांना थांबवून साध्या रांगेतील दहा जणांना सोडत असेल तर “आम्ही जास्त पैसे भरले आहेत” असे म्हणू नये. पासने कमी थांबण्याची सोय विकत घेतलेली असते, अजिबात न थांबण्याची नव्हे, आणि दोन्ही रांगा चालत्या ठेवणे हे त्याचे काम असते. तो बहुधा वीस-बावीस वर्षांचा, दिवसभर उन्हात उभा राहिलेला मुलगा किंवा मुलगी असते. दर किंवा प्रमाण त्याने ठरवलेले नसते. साध्या रांगेकडे पाहून हात हलवणे, तेथील ओळखीच्यांना “अजून इथेच?” असे विचारणे, रांग ओलांडताना मोबाईलवर त्यांचे चित्रण करणे, हे सगळे टाळावे. त्यांच्या शेजारून शांतपणे, आपसांत हळू बोलत पुढे जावे.

गाडीतील सर्वांत पुढच्या ओळीतल्या खुर्चीसाठी थांबायचे असेल तर तसे कर्मचाऱ्याला फलाटावर पोहोचताच सांगावे आणि मागच्यांना पुढे जाऊ द्यावे. दार उघडल्यावर जागा बदलण्यासाठी धावपळ करू नये. कितीही वेळा चालणारा पास असेल आणि राईड फार लोकप्रिय असेल, तर उतरून लगेच पुन्हा त्याच रांगेत न जाता मध्ये दुसरे काही करावे. नियम आडवा येत नाही, पण लागोपाठ चार वेळा तीच पाच माणसे आपल्या पुढे बसताना पाहणे साध्या रांगेतल्या माणसाला जड जाते, आणि पाचव्या फेरीने आपल्या दिवसात फारशी भर पडत नाही.

सवलतीची वाट आणि पासची वाट वेगळी

दिव्यांग व्यक्ती, स्वमग्न मूल किंवा रांगेत उभे राहणे अशक्य असलेले ज्येष्ठ बरोबर असतील तर पास विकत घेण्याआधी मदतकक्षात चौकशी करावी. यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, सोबत असावे. डिस्नेमध्ये यासाठी असलेल्या व्यवस्थेत सध्याच्या प्रतीक्षेइतक्याच वेळानंतरची वेळ दिली जाते, म्हणजे वाट तेवढीच पाहायची असते, फक्त ती रांगेबाहेर सावलीत बसून पाहता येते. ही व्यवस्था 2013 साली आली, कारण आधीच्या ओळखपत्राचा गैरवापर होत होता आणि रांग टाळण्यासाठी काही श्रीमंत कुटुंबे दिव्यांग व्यक्तींना पैसे देऊन बरोबर नेत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. 2024 मध्ये नियम आणखी कडक झाले, आणि खोटी माहिती देणाऱ्याला उद्यानात कायमची बंदी होऊ शकते. आपल्याकडेही चाकाची खुर्ची भाड्याने घेऊन पुढे जाण्याची कल्पना एखादा सुचवतो. तिला तेथल्या तेथे नाही म्हणावे, कारण अशा प्रत्येक खोट्या खुर्चीमुळे खऱ्या गरजूकडे संशयाने पाहिले जाते.

तान्हे मूल असलेल्या आईवडिलांसाठी परदेशात अदलाबदलीची सोय असते: एकाने राईड करावी, दुसऱ्याने बाळ सांभाळावे, आणि नंतर दुसऱ्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता आत जावे. आपल्याकडे अशी पाटी दिसली नाही तरी कर्मचाऱ्याला विचारायला हरकत नसते. माझ्या शेजारणीला एकदा अशी परवानगी मिळाली होती, केवळ तिने रांगेत शिरण्यापूर्वी विचारले होते म्हणून.

साध्या रांगेत असाल तर

पासवाल्यांना टोमणे मारू नयेत आणि त्यांची वाट अडवून उभे राहू नये. कोणी पट्टा नसताना शिरताना दिसले तर स्वतः हुज्जत न घालता कर्मचाऱ्याला दाखवून द्यावे. पासच्या रांगेला फारच झुकते माप दिले जात आहे असे वाटले तर घड्याळ लावून दहा मिनिटांत दोन्हीकडून किती जण सुटले ते मोजावे आणि तो आकडा मदतकक्षात लेखी द्यावा. तक्रारीत नुसता संताप असेल तर उत्तर मिळत नाही. आकडा, राईडचे नाव आणि वेळ असेल तर व्यवस्थापकाला खाली यावे लागते.

पाऊस, बिघाड आणि परतावा

जोराचा पाऊस किंवा विजांचा कडकडाट सुरू झाला की उघड्यावरच्या राईड थांबवतात. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर खंडाळ्याच्या पायथ्याशी पास घेताना ही शक्यता धरूनच चालावे, आणि ढग भरून आलेले असतील तर पास सकाळी न घेता अकरा-साडेअकराला आकाश पाहून घ्यावा. राईड मध्येच बंद पडली तर कर्मचाऱ्याची सूचना येईपर्यंत जागा सोडू नये, सुरक्षापट्ट्याला हात लावू नये. आणि पास वापरला गेल्याची नोंद झालेली असेल तर उतरताच तेथील पर्यवेक्षकाकडून ती रद्द करून घ्यावी किंवा दुसऱ्या राईडची चिठ्ठी मागावी. संध्याकाळी मदतकक्षात मोठी गर्दी असते आणि तेव्हा कोणती राईड किती वाजता थांबली हे सिद्ध करणे अवघड जाते.

विकताना सांगितलेली सोय मिळालीच नाही आणि उद्यानाने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. तेथे पावती, पासची अट छापलेला भाग आणि बंद राईडच्या फलकाचा फोटो या तीन गोष्टी हाताशी लागतात, म्हणून पावती ओल्या कपड्यांच्या पिशवीत न टाकता तिकिटे काढणाऱ्याच्या पाकिटात ठेवावी.

निघताना एखादा पास न वापरता उरला असेल तर तो दाराबाहेरच्या अनोळखी माणसाला देऊ किंवा विकू नये. खिडकीवर विचारून पाहावे, क्वचित पुढच्या तारखेला तो बदलून मिळतो. कागदी पट्टा ओढून काढताना लहान मुलांच्या मनगटाला कापतो, म्हणून मी पर्समध्ये एक बोथट टोकाची छोटी कात्री ठेवते, बसमध्ये बसल्यावर सगळ्या मुलांचे पट्टे ओळीने कापते आणि बस सुटण्यापूर्वी ते वाहनतळावरच्या कचराकुंडीत टाकून येते.